वितीच्या उंचीच्या खिडक्या

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या मधल्या भिंतीला होते ते माझेच. दोन भावांची दोन घरं एकमेकांना चिकटलेली, मध्ये एका विटेची भिंत. इकडे मी भांडी घासायची, तिकडे माझी धाकटी जाऊ. तिकडे पळी पडली तर मी इकडे खाली बघायची. तेव्हा ते भांडण मी चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये. ते आपल्या पायानं माझ्याकडे आलं.

दुपारची जेवणं उरकली होती. जाऊ म्हणत होती, माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला एक खिडकी पाडून द्या. हे मागणं त्यांच्या लग्नाइतकंच जुनं. त्या भिंतीच्या पलीकडे परसभर जागा आणि तिथून पुढे जंगलच. पण माझे दीर पडले सुतार. त्यांनी त्या भिंतीला बाहेरून फळ्या, वासे, जुन्या चौकटी असं सगळं टेकवून ठेवलेलं. दीर म्हणाले, हातात मोठं काम आहे, ते झालं की मग करतो. ती म्हणाली, "तुमच्या ‘मग’ला मी बावीस वर्षं ओळखते. माझ्यापेक्षा त्याचंच वय जास्त असेल."

यावर एरवी ते गप्प बसले असते. त्या दिवशी बोलले. म्हणाले, "एवढी घाई काय लागलीय? जंगल काय पळून चाललंय?"

मग तिने पातेलं पालथं घातलं आणि म्हणाली, "जंगल नाही हो पळत."

मी इकडे हसले. खोटं कशाला सांगू, चांगली पदर तोंडाला लावून हसले. पुढे त्या हसण्याची मला इतकी लाज वाटली की अजून ते पातेलं आठवलं तरी हात थांबतो.

दिरांना सगळे दोरीवाले म्हणायचे. खिशात दोरीची गुंडी आणि ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला लावलेलं वजन, आणि कानावर पेन्सिल. या तीन गोष्टींशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नाही. लग्नातही पेन्सिल होतीच, सासूबाईंनी ऐनवेळी काढून घेतली. बोलणं मोजकं, तेही फूट आणि इंचात. मुलगी बघून आले तेव्हा आमच्या ह्यांनी विचारलं, कशी आहे? तर म्हणाले, चार फूट नऊ. सासूबाईंनी कपाळावर हात मारला, हा पोरगा वीतभर बायको आणतोय. तेव्हापासून तिचं नाव वीत पडलं. तिलाही ते आवडायचं. म्हणायची, वीत असल्याशिवाय यांना मोजता येतं का काही?

तिचा बाप जंगलाचा रखवालदार. जंगलातल्या चौकीतच ती वाढलेली. तिथे म्हणे एकच खिडकी होती आणि ती बहिणींशी भांडून तिथे बसायची. लग्न करून इथे आली ती अगदी जंगलाच्या कुशीत, आणि तोंडासमोर काय, तर भिंत. परसात जाऊन बघायला कोण नको म्हणतंय, पण चुलीपाशी दिवस गेला की परस कुठलं आणि काय कुठलं. बायकांना ठाऊक आहे.

आता ते मोठं काम. गावाबाहेर जंगलाला लागून एका गृहस्थांनी जागा घेतली. आयुष्यभर छापखाना चालवला, बायको गेली, आता चार माणसं येऊन राहतील असं पाहुणेघर बांधायचं त्यांच्या मनात होतं. सहा खोल्यांचं. शहरातल्या इंजिनियरनं नकाशा करून दिला. मालकांनी तो दिरांना दाखवला, लाकूड किती लागेल एवढंच विचारायला. सहाही खोल्या एका रांगेत, शाळेच्या वर्गांसारख्या, आणि जागा सपाट करायला अठरा झाडं तोडायची. दिरांनी तो नकाशा सुलटा पाहिला, उलटा पाहिला आणि म्हणाले, "हे घर कुठेही चालेल."

मालक म्हणाले, म्हणजे चांगलं आहे म्हणता?

"नाही," दीर म्हणाले.

मालक बरे होते. रागावले नाहीत. म्हणाले, मग इथलंच घर कसं असतं ते तुम्ही मला करून दाखवा.

त्या दिवसापर्यंत दिरांना असं कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्यानं सांगितलेली कपाटं, दुसऱ्यानं काढलेले जिने, शाळेची बाकं. हात यांचे आणि डोकं दुसऱ्याचं, असाच जन्म गेलेला. त्या संध्याकाळी ताटावर बसले आणि नुसते बसून राहिले. वितीनं विचारलं तेव्हा म्हणाले, मला सुचत नाही, कागदावर काही दिसत नाही. ती म्हणाली, कुणाच्या घरी राहायला जायचं तर आधी त्याला विचारतो ना आपण? मग जंगलाला विचारा. बसा तिथे दिवसभर आणि बघा.

बसायचं कसं? या माणसाला दोन मिनिटं रिकामं बसवत नसे. पहिल्याच दिवशी तासाभरात त्यांनी एका काटकीचे चार दात काढून कंगवा केला. शेवटी वीत म्हणाली, तुम्ही तुमच्या दोऱ्या ताणा, मीच बसते.

त्यांनी तिच्यासाठी एक बुटकं स्टूल केलं. घर बांधलं ते त्या स्टुलावरून. एका जागी सकाळपासून उजेड जाईपर्यंत ती बसायची आणि बसल्या जागेवरून सांगायची. इथे सकाळचं ऊन येतं, निजायची जागा इथे. इथून पावसाचं पाणी वाहत जातं, खुणा बघा, जमिनीवर बांधू नका, खांबांवर उचला. इथून मुंगसाची वाट आहे, त्याला खालून जाऊ द्या. या झाडाला धक्का नको, ओटा त्याच्या भोवती फिरवा. ती बोलायची आणि दीर चुन्याची रेघ ओढत जायचे. सहा खोल्या सहा दिशांना तोंडं करून उभ्या राहिल्या, रुसलेल्या जावांसारख्या. ओट्यातून एक झाड सरळ वर गेलं. त्याच्या बुंध्याभोवती दिरांनी चार बोटं फट सोडली आणि फळ्यांची कडी बसवली, झाड जाडावलं की सैल करायची. तोडलं एकही नाही.

आणि खिडक्या. खिडकी कुठे नि केवढी हे ठरायचं ते वीत स्टुलावर बसून कुठे बघते त्यावर. तिच्या डोळ्यांसमोर दीर हवेत दोरी धरायचे आणि तिथे खूण करायचे. चार फूट नऊची बाई, तीही बसलेली. पुढे येणारे पाहुणे धिप्पाड असतील, उभे राहून बघतील, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. असली चूक त्या दोघांनीच करावी.

एका दुपारी मी तिकडे डबा घेऊन गेले. ती स्टुलावर होती. मी तिच्या डाव्या बाजूला अगदी हाताच्या अंतरावर उभी राहिले, आणि तिला कळलंच नाही. मला वाटलं, थट्टा करतेय. मी बांगड्या वाजवल्या तेव्हा दचकली. मग स्वतःच म्हणाली, जाऊबाई, बसा, तुम्हाला सांगायचंच होतं.

डोळे चालले होते तिचे. कडेकडेनं. दाराची दोन्ही कवाडं कुणी हळूहळू लोटावीत तसं, म्हणाली. मोठ्या दवाखान्यात एकटी जाऊन आली होती, माझ्याकडे चुलतबहिणीचं नाव सांगून. त्यावर औषध नाही म्हणाले. वर्ष, फार तर दीड.

"मधलं दिसतं अजून," ती म्हणाली. "खिडकीएवढं."

मला ते पालथं पातेलं आठवलं. मी म्हटलं, आजच्या आज भाऊजींना सांग. भिंत फोडतील ते. ती म्हणाली, म्हणूनच नाही सांगायचं. कळलं की हे काम टाकून घरी बसतील, माझा हात धरून. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःच्या डोक्यातलं काही बांधतायत, ते होऊ दे. आणि म्हणाली, डोळ्यांपायी भीक म्हणून मिळालेली खिडकी मला नको. बायकोनं मागितली म्हणून द्यावी.

तिने माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली. माझ्या पोटात तीळ भिजत नाही असं सगळं घर म्हणतं. ही एकच गोष्ट राहिली, आणि नेमकी हीच राहायला नको होती.

आडून आडून मी सांगायची. भाऊजी, किती वर्षं त्या बाईला भिंतीकडे बघायला लावणार? एकदा ते मला परसात घेऊन गेले. सगळ्या ढिगाच्या मागे, अगदी भिंतीला लागून, गोणपाटात गुंडाळलेली एक फळी होती. म्हणाले, "वहिनी, ही तिच्या चौकटीची. याच्याइतकं चांगलं लाकूड माझ्या हाताखालून गेलं नाही. अजून पुरतं वाळलेलं नाही. ओलं लावलं तर दोन वर्षांत पिळा पडेल. तिच्यासाठी करायचं तर जन्माचं करायचं." आणि तिच्यावरून हात फिरवला. सांगा, या माणसावर रागवायचं कसं? मी शपथ मोडायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. म्हटलं, सहा महिन्यांत काम होतंय, तोवर फळीही वाळेल.

सहा महिन्यांचं काम दोन वर्षं चाललं. छप्पर एकदा उडालं, खांब दोनदा बदलले, आणि दिरांना पटेना ते पुन्हा करायचं. वीत रोज जायची. पुढे पुढे मी तिच्याबरोबर हात धरून चालायची. दिरांना वाटे, जावाजावांचं गूळपीठ जमलंय. वितीनं डोळ्यांतलं उरलंसुरलं सगळं त्या घराच्या खिडक्यांत वाटून टाकलं. खोलीमागून खोली. पाच झाल्या.

सहाव्या खोलीची एकच खिडकी उरली होती. चार दिवसांपूर्वी मोठं वादळ होऊन गेलं होतं. मी तिला स्टुलावर बसवलं, तिचं तोंड त्या बाजूला केलं. दिरांनी नेहमीसारखं विचारलं, काय दिसतं?

"ती वाकडी फांदी," ती म्हणाली. "कोपरात मुडपलेल्या हातासारखी. खिडकी तिच्यावरच ठेवा. दुसरं काही दाखवू नका या खोलीला."

दीर समोर बघत राहिले. मीही बघितलं. फांदी नव्हती. वादळात मोडून वाटेवर पडली होती आणि आदल्याच दिवशी दिरांनी स्वतः तिचे तुकडे करून बाजूला रचले होते. तिथे मोडकं खोड होतं आणि वर नुसतं आभाळ.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मी खाली पाहिलं म्हणूनच त्यांना सगळं कळलं.

मला वाटलं, आता ओरडतील, नाहीतर रडतील. ते तिच्याजवळ गेले आणि विचारलं, "किती उंचीवर आहे?" तिने हवेत हात धरला. त्यांनी त्या हाताशी दोरी धरली आणि चुन्यानं खूण केली, नसलेल्या फांदीची. मग म्हणाले, जरा पलीकडून बघून येतो. कुडाच्या फटीतून मला ते दिसत होते. ओळंबा सोडून उभे होते आणि वजन सारखं हलत होतं, ठरतच नव्हतं. चाळीस वर्षं त्या हातात ओळंबा होता. कधी असा हलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मागच्या भिंतीवर घाव पडायला लागले. सगळा ढीग त्यांनी एकट्यानं उपसला. आमचे हे मदतीला गेले तर हातानं बाजूला केलं. गोणपाटातल्या फळीची चौकट झाली, दोन झडपा झाल्या, तिसऱ्या दिवशी खिडकी बसली. बुटकी, स्टुलावरच्या माणसाची. वीत तिच्यासमोर बसली. दीर, मी, हे, तिघं मागे उभे. तिने चौकटीवरून हात फिरवला, चारी बाजूंनी, नखानं सांधा शोधला. सापडला नाही.

"वारा येतो छान," ती म्हणाली.

दिरांनी विचारलं, उजेड कळतो का.

"कळतो की. दुधासारखा."

आमचे हे एकदम चप्पल शोधायला बाहेर गेले. पायातच होती.

त्याच आठवड्यात दीर माझ्या दाराशी आले. तुम्हाला ठाऊक होतं? म्हटलं, हो. कधीपासून? सांगितलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, बघितली, परत कानावर ठेवली. म्हणाले, "तिने नाही सांगितलं, ते तिचं बरोबर होतं. तुम्ही सांगायचं होतं, वहिनी." आणि गेले. त्यानंतर वर्षभर त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. बोलत होते, हसत होते, चहा नाही. मी रोज त्यांच्यापुरतं पाणी जास्त टाकायची आणि तो चहा मीच गार करून प्यायची. वर्षानं एका सकाळी स्वतःचा कप घेऊन आले. मी ओतला.

पण तोवर भिंतीपलीकडे एक नवीनच सुरू झालं होतं. काम संपवून आले की दीर खिडकीशी उभे राहून तिला बाहेरचं सांगायचे. सुरुवातीला काय सांगत होते, देवा! डावीकडे साडेसात फुटांवर एक झाड, घेर तीन फूट दोन इंच. ती म्हणायची, अहो, मी ते झाड विकत घेणार आहे का? फूट नका सांगू, रंग सांगा. ते म्हणाले, हिरवं. ती म्हणाली, कसलं हिरवं? दुसऱ्या दिवशी सांगितलं, जुन्या बाटलीच्या काचेसारखं. तिसऱ्या दिवशी, साबण विरघळलेल्या पाण्यासारखं, कडेला जरा पिवळं. ज्या माणसानं बायकोचं वर्णन चार फूट नऊ असं केलं होतं, त्याला पन्नाशीनंतर रंग फुटले. सुतारपक्षी आला की ती म्हणायची, आला बघा तुमचा धंदाभाऊ, तो तरी काम वेळेवर संपवतो का? आणि दोघं हसायचे. मी इकडे भांडी घासत ऐकायची. आठ वर्षं ऐकलं.

पाहुणेघर छान चाललं. लांबलांबून माणसं यायची, म्हणायची, इथे घरात आहोत की झाडात तेच कळत नाही. खिडक्यांबद्दल मात्र कुरकुर असायची. उंच माणसांना वाकून बघावं लागे. मग कुणीतरी खाली बसे, आणि एकदा बसलं की उठत नसे. मालकांनी मग प्रत्येक खोलीत बुटकी स्टुलं ठेवली. सहाव्या खोलीची तक्रार मात्र मिटेना. ती खिडकी भलत्याच जागी, जरा तिरकी, आणि बाहेर बघावं तर मोडकं खोड. मालकांनी दिरांना सांगितलं, चूक झाली असेल, एवढी एक सरकवून द्या. दीर म्हणाले, "खिडकी बरोबर आहे. फांदी चुकली." मालकांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांची स्वतःची बायको गेलेली होती. पुन्हा तो विषय काढला नाही. उलट दर शनिवारी येऊन बिजागऱ्यांना तेल घालायचं आणि झाडाची कडी बघायची, हे काम त्यांनी दिरांकडे कायमचं दिलं.

वीत गेली ती चार दिवसांच्या तापानं. शेवटच्या दिवशी विचारत होती, आज कसलं हिरवं आहे? दीर सांगत होते. सांगता सांगता त्यांना कळलं नाही की आता कुणी ऐकत नाही. मी पायाशी बसले होते, मला कळलं होतं. मी त्यांना थांबवलं नाही. बोलायचं तेव्हा गप्प बसले होते, आता गप्प बसायचं तेवढं तरी नीट जमलं.

दोन महिने भिंतीपलीकडे काही नव्हतं. पळीसुद्धा नाही. मग एका शनिवारी आवाज आला. वारा सकाळपासून पडलाय, पानं ओल्या स्लेटसारखी झालीयत. मी ह्यांना म्हटलं, भाऊजींचं बिनसलं वाटतं, एकटेच बोलतायत. हे म्हणाले, बिनसलं नाही, जमलंय. बोलू दे त्याला.

असे किती शनिवार गेले ते मी मोजले नाहीत. मोजणारं माणूस तिकडचं होतं. गुडघे दुखायला लागले, काठी आली, पण तेलाचा डबा आणि फडकं घेऊन जाणं चुकलं नाही. जाताना माझ्या दाराशी थांबायचे, उभ्यानं अर्धा कप घ्यायचे.

शेवटच्या शनिवारीही तसंच. तो शेवटचा आहे हे मला सोमवारी कळलं, त्या दिवशी ठाऊक असतं तर कप भरून दिला असता. अर्धाच दिला. ते म्हणाले, साखर कमी आहे. मी म्हटलं, तुमच्या वयाला तेवढी पुरे. गेले. दुपार कलताना परत आले. मी विचारलं, झालं का? म्हणाले, झालं. सहाही खोल्यांना तेल घातलं, आणि ओट्यातल्या झाडाची कडी एक बोट सैल केली. जाडावलंय चांगलं.

मग आत गेले. मी भांडी घ्यायला बसले. पलीकडे झडपा उघडल्याचं कळलं नाही, त्या कधीच वाजायच्या नाहीत. आवाजच आला.

"आज पिवळं जास्त आहे. मोहरीच्या तेलासारखं. खाली जरा काळपट. धंदाभाऊ नाही आला."

मग तेलाचा डबा फळीवर ठेवल्याचं ऐकू आलं, आणि मागून स्टूल सरकवल्याचं, खिडकीसमोर, तिच्या जागेवर.